कायदेशीर आहे, पण बरोबर आहे का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की एखादी गोष्ट कायद्यात बसते एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही आणि योग्य वाटते एवढ्यावरून ती कायदा होत नाही. त्या एका ओळीवर इतक्या मेल आल्या की यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : मॅडम, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात एका चॅप्टरमध्ये लिहिलंय की कायदा आणि नीती या वेगळ्या गोष्टी, आणि पुढच्याच चॅप्टरमध्ये लिहिलंय की अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे. पेपरात दोन्ही लिहून मार्क मिळतात, पण मला खरं काय ते कळत नाही. तुम्ही कोणत्या बाजूच्या?

आधी दोन्ही बाजू खरंच काय म्हणतात ते बघ, कारण गाइडं या विषयाचं फार वाटोळं करतात. पहिली बाजू, म्हणजे कायदा आणि नीती वेगळी ठेवणारे, त्यांना पॉझिटिव्हिस्ट म्हणतात. पॉझिटिव्हिस्ट म्हणजे ‘कायदा आहे ना, मग मान खाली घालून पाळा’ असं म्हणणारी माणसं, असं बऱ्याच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. साफ चूक. इंग्रज विचारवंत बेन्थॅमने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की कायदा वेळच्या वेळी पाळावा आणि त्याच्यावर टीका मात्र मोकळेपणाने करावी, आणि त्याला ती टीका करायची होती म्हणूनच तर तो म्हणत होता की आहे तो कायदा आणि असायला हवा तो कायदा यांची सरमिसळ करू नका. त्याच परंपरेतल्या ऑस्टिनने १८३२ मध्ये तेच सरळ मांडलं, कायदा अस्तित्वात आहे का हा एक प्रश्न आणि तो चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न. दुसरी बाजूही गाइडात असते तेवढी भोळी नाही. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस अन्यायी कायद्याला कायद्याची विकृती म्हणतो, पण तोच पुढे म्हणतो की मोडल्याने जास्त गोंधळ माजणार असेल तर कधीकधी तोही पाळावा लागतो. म्हणजे ‘कायदाच नव्हे’ म्हणणाराही लगेच ‘मोडून टाका’ म्हणत नाहीये.

आता एक केस सांगते, कारण हा वाद नुसत्या व्याख्यांवर कळत नाही, मला तरी कळला नव्हता.

जर्मनी, १९४४. एक सैनिक रजेवर घरी आला आणि बायकोजवळ हिटलरबद्दल वाईटसाईट बोलला. घरात, खाजगीत. बायकोला नवऱ्यापासून सुटका हवी होती, तिने जाऊन तक्रार केली. सरकारविरुद्ध असं बोलणं तेव्हाच्या कायद्याने गुन्हा होता, पण तक्रार करायलाच पाहिजे असं तिच्यावर काही बंधन नव्हतं. त्याला मृत्युदंड झाला, मग फाशी न देता पुन्हा आघाडीवर पाठवलं, आणि तो वाचला. १९४९ मध्ये, राजवट गेल्यावर, त्या बाईवर खटला झाला की तू एका माणसाचं स्वातंत्र्य बेकायदा हिरावून घेतलंस. हा गुन्हा १८७१ च्या जर्मन दंडसंहितेत पहिल्यापासून होता. ती म्हणाली, मी काय बेकायदा केलं? कायदा होता, त्याप्रमाणे तक्रार केली, शिक्षा कोर्टाने दिली.

तू न्यायाधीशाच्या खुर्चीत बस आणि सांग. बाई दुष्टपणे वागली यात कोणालाच शंका नाही. पण बेकायदा?

बांबेर्गच्या अपील कोर्टाने तिला दोषी धरलं. यावर १९५८ मध्ये हार्वर्डच्या लॉ रिव्ह्यूमध्ये हार्ट (पॉझिटिव्हिस्ट बाजूचा इंग्रज प्राध्यापक) आणि फुलर (त्याच्या विरोधातला अमेरिकन प्राध्यापक) यांची जी जुंपली ती आजही कायद्याच्या तत्त्वज्ञानातली सगळ्यात गाजलेली चर्चा आहे. हार्टचं म्हणणं असं, की तो कायदा कितीही घाणेरडा असला तरी तेव्हा तो कायदा होता, आणि आज ‘तो कायदाच नव्हता’ असं म्हणून आपण एक अवघड निवड लपवतोय. तिला सोडणं वाईट, आणि मागच्या तारखेने कायदा करून तिला शिक्षा देणं हेही वाईट. त्यातलं एक वाईट निवडायचं असेल तर उघडपणे निवडा, मागच्या तारखेचा कायदा करा आणि तसं कबूल करा. मला यातला प्रामाणिकपणा फार महत्त्वाचा वाटतो. (एक तपशील राहू नये म्हणून सांगते. हार्टला सुरुवातीला जो रिपोर्ट मिळाला त्यावरून असं वाटत होतं की कोर्टाने नाझी कायदाच रद्दबातल ठरवला, नंतर लक्षात आलं की कोर्टाने तसं केलं नव्हतं, त्यांचा तर्क वेगळा होता, आणि हार्टने पुढे पुस्तकात तसं नोंदवलं. कितीतरी नोट्समध्ये अजून जुनीच माहिती फिरतेय, तू पेपरात ती लिहू नकोस.)

फुलरचा मुद्दा वेगळाच. तो म्हणाला, तुम्ही ज्याला कायदा म्हणताय तो कायदा म्हणण्याच्या लायकीचा होता का ते तरी बघा. गुप्त कायदे, जे लोकांना कधी सांगितलेच नाहीत. १९३४ मध्ये जूनच्या शेवटी माणसं मारून टाकली आणि जुलैच्या सुरुवातीला कायदा करून ते खून कायदेशीर ठरवले. कोर्ट वाटेल तसा अर्थ काढणार, आणि सरकारला नको असेल तर कोर्टाचंही ऐकणार नाही. १९६४ च्या पुस्तकात त्याने रेक्स नावाचा एक काल्पनिक राजा उभा केला, बिचारा खरंच चांगले कायदे करायला निघालेला असतो आणि आठ प्रकारे फसतो : नियमच करत नाही, प्रत्येक केसला वेगळा निर्णय देतो, केले तर जाहीर करत नाही, मागच्या तारखेने लावतो, कळणार नाहीत असे लिहितो, एकमेकांच्या उलटे करतो, पाळणं शक्यच नाही असे करतो, रोज बदलतो, आणि शेवटी लिहितो एक आणि करतो भलतंच. फुलर म्हणतो, यातली एक गोष्ट जरी पूर्ण बिघडली तरी मग कायदा वाईट आहे असं म्हणायची सोय उरत नाही, कायदाच उरत नाही.

आता माझी बाजू. मी हार्टच्या जवळची आहे आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. कारण ज्या दिवशी आपण म्हणतो की वाईट असेल तर तो कायदाच नाही, त्या दिवशी हळूच त्याचं उलटंही डोक्यात शिरतं, की कायदा आहे म्हणजे तो चांगलाच असणार. आणि हे उलटं फार धोक्याचं आहे, कारण सत्तेला तेच हवं असतं. पण फुलर मला सोडत नाही. नियम आधी सांगणं, सगळ्यांना सारखा लावणं, अशक्य ते न मागणं, यात समोरच्या माणसाबद्दलचा एक आदर आहे, त्याला अक्कल आहे, तो नियम समजून घेऊन स्वतःचं आयुष्य आखू शकतो हे मान्य करणं आहे. ही नुसती तांत्रिक गोष्ट आहे असं मला म्हणवत नाही. हार्टने म्हटलं होतं की विष देणाऱ्यालाही त्याच्या कामाचे नियम असतात, म्हणून ती नीती होत नाही. उत्तर बिनतोड आहे, तरी माझं समाधान झालेलं नाही, इतकी वर्षं शिकवून.

प्रश्न : वरून आदेश आला म्हणून ज्याने केलं त्याचा दोष किती? मी आयुष्यभर नोकरीत आदेश पाळले, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर जास्त छळतो.

तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण हा पुस्तकी प्रश्न नाही.

फेब्रुवारी १९८९. बर्लिनची भिंत पडायला नऊ महिने बाकी होते. दोन तरुण रात्री भिंत ओलांडून पश्चिमेला जायला निघाले, पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, त्यातला एक, वीस वर्षांचा मुलगा, जागीच गेला. भिंतीवर गोळीने मेलेला तो शेवटचा. पूर्व जर्मनीत १९८२ चा सीमा कायदा होता, त्यात गोळी झाडायची परवानगी होती, पहारेकऱ्यांना तसं शिकवलेलं होतं, आणि पहारेकरीही त्या मुलासारखेच विशीतले होते. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर खटला चालला. ज्याच्या गोळीने मुलगा गेला त्याला आधी साडेतीन वर्षं झाली, पुढे ती कमी करून दोन वर्षं केली, तीही स्थगित.

या खटल्यांमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने एका माणसाचा आधार घेतला, गुस्ताव राडब्रुख. वायमार काळात कायदामंत्री होता, १९३३ मध्ये नाझींनी त्याला हायडेलबर्गच्या प्रोफेसरकीवरून काढलं. १९४६ मध्ये त्याने एक छोटा लेख लिहिला, त्यातलं सूत्र असं : कायदा अन्यायी असला, गैरसोयीचा असला तरी साधारणपणे कायदाच वर, कारण कायदा पक्का असण्यालाही मोल आहे. पण अन्याय जेव्हा अगदी असह्य पातळीला जातो तेव्हा कायद्याने माघार घ्यायची. आणि जिथे न्याय करायचा प्रयत्नही नाही, जिथे माणसामाणसातली समानता जाणूनबुजून नाकारलीय, तिथे तो नुसता चुकीचा कायदा नसतो, त्याला कायद्याचं रूपच नसतं. २००१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टानेही पूर्व जर्मनीच्या नेत्यांच्या शिक्षा कायम केल्या, आणि तिथे मुख्य तर्क होता की तुमच्याच राज्यघटनेने माणसाचा जीव वर मानला होता, तुम्ही तुमचाच लिहिलेला कायदा वाऱ्यावर सोडलात.

आता तुमच्यापुरतं. ‘असह्य’ या शब्दात सगळं आलं. रोजचा चुकीचा, मूर्ख, जाचक आदेश त्यात बसत नाही, आणि ते पाळले म्हणून स्वतःला गुन्हेगार समजू नका. राडब्रुखची मर्यादा खूप वर आहे आणि मला वाटतं ती वरच असायला हवी, नाहीतर प्रत्येक कारकून, प्रत्येक पोलीस आपल्या मनाला येईल तो कायदा गाळेल आणि त्यात पहिला मार गरिबालाच बसेल. पण त्या मर्यादेच्या खाली ‘मी फक्त सही केली’ हे उत्तर कायद्याला चालतं, स्वतःला चालतंच असं नाही. तुम्हाला छळतंय याचा अर्थ तुम्ही तेव्हाही ते पाहत होता. मला वाटतं ते एखाद्याजवळ नावगावासकट सांगून टाकावं, आणि अजून काही दुरुस्त होण्यासारखं असेल, एखाद्याची माफी, एखादा अर्ज, तर ते करावं.

प्रश्न : न्यायाधीशाने कायद्यात लिहिलंय तेवढंच बघावं की न्याय करावा?

दोन ओळींचा प्रश्न, पण यावर मी वर्गात दोन तास घालवायचे.

न्यूयॉर्क राज्य, १८८०. एका आजोबांनी मृत्युपत्र केलं, दोन मुलींना थोडं थोडं आणि बाकी बहुतेक सगळं नातवाला, एल्मर पामरला. दोन वर्षांनी आजोबांनी पुन्हा लग्न केलं. सोळा वर्षांच्या एल्मरला वाटलं की आता म्हातारा मृत्युपत्र बदलणार. त्याने आजोबांना विष घातलं. पकडला गेला, शिक्षा झाली. आणि मग प्रश्न आला की मालमत्तेचं काय? मृत्युपत्राच्या कायद्यात सह्या कशा हव्यात, साक्षीदार किती, रद्द कसं करायचं, सगळं होतं. वारसानेच खून केला तर काय, हे कुठेच नव्हतं. मृत्युपत्र अगदी शुद्ध होतं.

मी वर्गात हात वर करायला सांगायचे. एल्मरला काहीही मिळू नये, सगळे हात वर. मग विचारायचे, कोणत्या कलमाखाली? हात हळूहळू खाली यायचे, आणि तो क्षण मला फार आवडायचा कारण तिथून खरा विचार सुरू व्हायचा.

१८८९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने बहुमताने निकाल दिला की स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कोणालाही मिळू नये हे तत्त्व सगळ्या कायद्यांच्या मुळाशीच आहे, ते कलमात लिहिलेलं असो नसो. न्यायमूर्ती ग्रे विरोधात गेले. ते म्हणाले, खुनाची शिक्षा त्याला मिळालेली आहे, आता मालमत्ता काढून घेणं म्हणजे कायद्यात नसलेली आणखी एक शिक्षा आम्ही मनाने देणं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकन कायदेपंडित ड्वॉर्किनने हीच केस हार्टसमोर ठेवली, की बघा, कायदा म्हणजे नुसते नियम नाहीत, त्यात तत्त्वंही असतात, आणि न्यायाधीश ती बाहेरून आणत नाही, कायद्याच्या आतूनच काढतो.

माझं मत बहुमताकडे आहे, पण ग्रे यांना खलनायक करू नका. समजा तत्त्वाच्या नावाखाली उद्या एखादा न्यायाधीश म्हणाला की ही मुलगी आईबापांशी नीट वागली नाही म्हणून तिला वारसा नाही. तेव्हा आपल्याला ग्रेच आठवतील. म्हणून मी फरक असा करते की न्यायाधीशाला जे तत्त्व लावायचंय ते त्याच्या मनातलं आहे की कायद्यात इतर ठिकाणी आधीच दिसतंय? फसवून केलेला करार टिकत नाही, विमा काढून ज्याने विमाधारकाला मारलं त्याला पैसे मिळत नाहीत, अशा निकालांची माळ कोर्टापुढे होती, त्यांनी ती दाखवली. नुसतं ‘मला बरं वाटत नाही’ असं लिहून निकाल दिला नाही. नंतर अमेरिकेत बहुतेक राज्यांनी खुन्याला वारसा नाही असा कायदाच लिहून टाकला, जे मला सगळ्यात चांगलं वाटतं, कारण मग पुढच्या न्यायाधीशाला मन चाचपत बसावं लागत नाही.

प्रश्न : बुडणाऱ्याला काठावर उभं राहून बघणं गुन्हा नाही असं वाचलं. खरं आहे का? असेल तर लाज आहे.

पुष्कळ देशांत खरं आहे. २०१७ मध्ये फ्लोरिडात पाच किशोरवयीन मुलांनी एक माणूस तळ्यात बुडताना मोबाइलवर व्हिडिओ काढला, हसले, कोणाला फोनसुद्धा केला नाही. तो माणूस गेला. सरकारी वकिलांनी तपासलं आणि शेवटी सांगितलं की या मुलांवर लावायला कायदाच नाही.

इंग्लिश पद्धतीच्या कायद्यात जुना नियम असा आहे की दुसऱ्याला इजा करू नका, पण वाचवायलाच पाहिजे असं नाही, जोपर्यंत तुमचं त्याच्याशी काही खास नातं नाही, म्हणजे तुम्ही आईबाप आहात, लाइफगार्ड आहात, किंवा संकट तुम्हीच आणलंय. फ्रान्समध्ये उलट, स्वतःला धोका नसताना मदत न करणं हा दंडसंहितेत गुन्हा आहे, साधारण पाच वर्षांपर्यंत कैद. जर्मनीत एक वर्षापर्यंत. अमेरिकेत व्हरमाँट राज्याने १९६० च्या दशकात असा कायदा केला, दंड जास्तीत जास्त शंभर डॉलर.

रेषा ओढणं सोपं नाही हे मान्य करायला हवं. मेकॉलेने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा करताना हाच प्रश्न घेतला होता. त्याने विचारलं, कलकत्त्याचा एक सर्जन आहे, मेरठमधल्या माणसाचं ऑपरेशन अख्ख्या देशात फक्त त्यालाच जमतं, आणि तो गेला नाही, तर तो खुनी का? दारात उपाशी मरणाऱ्याला ज्या श्रीमंताने अन्न दिलं नाही तो खूप वाईट माणूस आहे, ज्यांना आपण कडक शिक्षा ठेवल्यात अशा कितीतरी जणांपेक्षाही कदाचित वाईट, पण त्याला खुनाची शिक्षा द्यायला लागलो तर थांबायचं कुठे, असं त्याचं म्हणणं होतं. सर्जनचं उदाहरण मला पटतं. तळ्याचं नाही पटत. तिथे मागणी एवढीच होती की फोन हातात आहेच, तर तीन आकडे दाबा. इतकी सोपी, इतकी स्वस्त मदत न करणं हा छोटा का होईना गुन्हा असावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि थांबायचं कुठे हा प्रश्न अवघड आहे म्हणून सुरुवातच करायची नाही हे मला कधीच कळलेलं नाही.

प्रश्न : ताई, समाजाची नीती बिघडत चाललीय. कायद्याने ती सांभाळायला नको का? चार भिंतींच्या आत म्हणून काहीही चालू द्यायचं का?

काकू, तुमची काळजी खोटी नाही, आणि तुमच्या बाजूने बोलणारा एक मोठा न्यायाधीश होऊन गेला, लॉर्ड डेव्हलिन. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये वोल्फेंडन समितीचा अहवाल आला. दोन प्रौढ पुरुषांमध्ये खाजगीत, राजीखुशीने असलेले संबंध हा गुन्हा नसावा असं त्यांनी सांगितलं, कारण खाजगी नीतीचा एक भाग असा असतो जिथे कायद्याचं काही काम नाही. १९५९ मध्ये डेव्हलिनने उत्तर दिलं की समाज हा समान नीतीने बांधलेला असतो, ती सुटली की समाज सुटतो, म्हणून देशद्रोह जसा कायदा रोखतो तशी अनीतीही रोखायचा त्याला हक्क आहे. आणि नीती कशी ओळखायची? साध्या, समंजस माणसाला ज्याची खरोखर चीड येते, शिसारी येते, त्यावरून.

माझं भांडण त्या शिसारीशी आहे. शिसारी खरी असते, पण ती कशाची येते हे आपण लहानपणी कुठे आणि कोणात वाढलो त्यावर ठरतं. एकेकाळी वेगळ्या वंशाच्या दोघांनी लग्न केलेलं पाहून साध्या समंजस माणसांना शिसारी यायची, आणि अमेरिकेत १९६७ पर्यंत काही राज्यांत त्या लग्नाला तुरुंग होता. हार्टने डेव्हलिनला हेच विचारलं, की समाजाची नीती बदलली म्हणजे समाज संपला याला पुरावा काय? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ ला पुरुषांच्या संबंधांबद्दलचा तो कायदा बदलला, समाज काही कोसळला नाही, आणि ज्यांना आयुष्यभर ब्लॅकमेलच्या भीतीत जगावं लागत होतं ती माणसं तेवढी मोकळी झाली. चार भिंतींच्या आत काहीही चालू द्यावं असं मात्र कोणीच म्हणत नाही. बायकोला मारणं, मुलाला छळणं हे चार भिंतींच्या आतच होतं, आणि तिथे कायद्याने दार ठोठवायलाच हवं. इंग्रज विचारवंत मिलने १८५९ मध्ये म्हटलं तसं, इजा कोणाला होतेय ते विचारा. काकू, तुम्हाला नेमकं काय बघून हे वाटलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण एकदा ते डोळ्यासमोर आणून हा प्रश्न विचारून बघा.

प्रश्न : कायद्याच्या भीतीने चांगलं वागणारा माणूस नीतिमान म्हणायचा का?

जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाला असता नाही, कर्तव्य म्हणून केलं तरच त्याला नैतिक मोल. मी एवढी कडक नाही. भीतीने पंधरा वर्षं हात न उचललेल्या माणसाच्या घरात जे मूल न मार खाता मोठं झालं, त्याच्यासाठी तेही काही कमी नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात मदतीच्या अर्जांची छाननी होते. वरून सूचना आलीय की सही चुकीच्या चौकटीत असेल तर अर्ज बाद करायचा. नियमात हे बसतं, मी तपासलं. पण बाद होणारे बहुतेक ते आहेत ज्यांना नीट वाचता येत नाही. मी काय करू? नोकरी सोडू?

सोडू नका, एवढ्यात तरी नाही. तुमच्या जागी जो येईल तो हा प्रश्न विचारेलच असं नाही.

सॉक्रेटिसचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, की इ.स.पू. ३९९ मध्ये मृत्युदंड झाल्यावर त्याचा मित्र क्रिटो त्याला तुरुंगातून पळवायला आला आणि तो गेला नाही, म्हणाला ज्या नगराच्या कायद्यांनी मला वाढवलं ते मी मोडणार नाही. यावरून तो नेहमी आज्ञा पाळणारा असा समज होतो. पण काही वर्षं आधी अथेन्समध्ये तीस जुलमी लोकांची सत्ता असताना त्यांनी त्याला आणि आणखी चौघांना बोलावून हुकूम केला की सॅलॅमिस बेटावर जा आणि लिऑन नावाच्या माणसाला धरून आणा, त्याला मारायचाय. चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ आपल्या घरी गेला. त्याने भाषण केलं नाही, बंडही नाही, फक्त त्या कामाला हात लावला नाही. मला या दोन गोष्टी एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. स्वतःवर अन्याय होत असताना त्याने कायदा सोसला, आणि दुसऱ्यावर अन्याय करायला सांगितल्यावर नकार दिला. तुमच्या प्रश्नात तोच धागा आहे, चुकीच्या चौकटीची किंमत तुम्ही मोजत नाही, तो न वाचता येणारा माणूस मोजतो.

पण तुमची वेळ सॅलॅमिसची नाही, अजून तुमच्याकडे कायद्याच्या आतल्या वाटा आहेत आणि त्या आधी वापरा. पहिलं म्हणजे नियम पुन्हा वाचा, ‘बाद करावा’ असं आहे की ‘बाद करता येईल’ असं? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसरं असेल तर अधिकार तुमच्या हातात दिलेला आहे आणि सूचनेने तो काढून घेता येतो का हाच प्रश्न. दुसरं, त्या नियमात अर्जदाराला चूक दुरुस्त करायची संधी आहे का, नसेल तर ऐकून घेतल्याशिवाय कोणाविरुद्ध निर्णय नको हे तत्त्व कायद्यात फार जुनं आहे, त्याचा उल्लेख करा. तिसरं, हे सगळं तोंडी बोलू नका. फाइलवर लिहा, तारीख घाला, किती अर्ज फक्त चौकटीमुळे बाद होतायत तो आकडा लिहा, आणि लेखी मार्गदर्शन मागा. तोंडी सूचना देणारे लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा दोन पावलं मागे येतात, मी हे अनेकांकडून ऐकलंय. आणि तोपर्यंत जो अर्जदार समोर येईल त्याला बोट ठेवून दाखवा, सही इथे करा. ते करायला तर कोणत्याच नियमाने बंदी केलेली नाही.

लेखी उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा, आलं नाही तर तेही.